चार नंबरच्या खोलीची शिल्लक

"चौगुलेबाई, ही शिल्लक कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर चार नंबरच्या खोलीची म्हणायचं. मी नसणार. तुम्ही बोलायचं."

मेणसे सरांचं हे वाक्य मला अजूनही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. सकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसते, डोळे मिटते, की पहिल्यांदा ते येतं. णमोकार मंत्र नंतर येतो.

जानेवारीची अखेर होती. सर त्या दिवशी केंद्राच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले. निरोपाची शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली होती, नारळ टेबलावर ठेवला होता, आणि हातात एक निळी फाइल होती. ती त्यांनी माझ्यापुढं धरली.

"काय आहे यात, सर?"

"अर्ज आहे, सही केलेला. दोन कोटेशनं आहेत. मार्चच्या बैठकीत मांडायचा."

"सरनाईक सरांकडेच द्या ना. आता प्रमुख तेच."

"त्यांच्याकडे दिला तर कपाटात जाईल. माणूस वाईट नाही तो, बाई. पण त्याला दिसणारं काम आवडतं. डीप फ्रीझर कुणाला दिसतो? बंद पडला की दिसतो." मग हसून म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही. मला तेवढं पुरे आहे."

मी फाइल घेतली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये खाली ठेवली.

आमचं केंद्र म्हणजे संस्थेच्या मागच्या अंगाला असलेली एक बसकी इमारत. महागडी यंत्रं प्रत्येक विभागाला वेगळी घेणं परवडत नाही, म्हणून ती एका जागी ठेवायची आणि सगळ्यांनी ठरलेला दर भरून वापरायची, अशी ती सोय होती. आमचे विद्यार्थी येत, आसपासच्या कॉलेजांचे येत, साखर कारखान्याची माणसं उसाच्या रसाच्या बाटल्या घेऊन येत, हळदीचे व्यापारी पुड्या घेऊन येत. मी तिथली हिशेबनीस, एका वर्षाच्या करारावरची. दर एप्रिलला नवं पत्र मिळालं की पुढचं वर्ष.

केंद्रानं नफा कमवायचा नाही, असा नियम होता. दोन महिन्यांच्या खर्चापुरती रक्कम हाताशी ठेवायची. त्यावर उरेल त्यातून पुढच्या वर्षीचे दर उतरवायचे, नाहीतर समितीनं ठराव करून ते एखाद्या यंत्रासाठी राखायचं. यातलं काहीच झालं नाही, तर एकतीस मार्चला ती रक्कम प्रमुख सांगतील त्या कामाला जायची. मेणसे सर चार वर्षं दर मार्चला ठराव करून घेत ती पुढं ओढत आले होते. आता अकरा लाख चाळीस हजार झाले होते. दोन नवे डीप फ्रीझर येतील, आणि वीज गेली तर त्यांना सांभाळणारी वेगळी जोडणीही होईल, एवढे.

चार नंबरच्या खोलीतला जुना फ्रीझर चौदा वर्षांचा होता. उणे ऐंशी अंशावर नमुने ठेवायची आमच्याकडची ती एकच जागा. आमचे तंत्रज्ञ आवटी त्याला म्हातारी म्हणायचे. सकाळी आले की दाराला कान लावायचे आणि मला सांगायचे, "बाई, म्हातारी आज लईच कण्हायलीय. हिचं काय खरं न्हाई."

त्या म्हातारीच्या पोटात वरून दुसरा आणि तिसरा कप्पा निलोफरचा होता.

निलोफर मुजावर मिरजेची. आमच्याकडे पीएच.डी. करत होती. दुष्काळी पट्ट्यात नरळवाडी आणि तिच्या शेजारची दोन गावं अशी होती, की तिथं चांगली धडधाकट माणसं पस्तिशी-चाळिशीत मूत्रपिंड निकामी होऊन जायची. का, ते कुणाला कळत नव्हतं. निलोफरनं चार वर्षं त्या गावांना खेपा घातल्या आणि तीनशे सोळा माणसांचं रक्त गोळा केलं. आजारी माणसांचं नव्हे, चालत्या-फिरत्या निरोगी माणसांचं. पुढं त्यातलं कुणी आजारी पडलं, तर आधीच्या रक्तात काय होतं ते पाहता येईल, अशी तिची कल्पना.

ती नमुने ठेवायला आली की माझ्याकडे पावती करायला बसायची. मला काकू म्हणायची. एकदा नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन म्हणाली, "काकू, ह्यात मल्लू आहे."

"कोण मल्लू?"

"गंगव्वाचा मुलगा. दीड वर्षापूर्वी रक्त घेतलं तेव्हा विहिरीत उडी मारून दाखवली होती मला. म्हणाला, बघा मी कसा ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात गेला." तिनं डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "गंगव्वा मला विचारत होती, माझ्या पोराचं रगत नीट ठिवलंय नव्हं? मी म्हटलं, ठेवलंय. काय निघेल ते घरी येऊन सांगेन. प्रत्येकाला तसंच सांगितलंय मी. तीनशे सोळा घरी जायचंय."

"तीनशे सोळा माणसं म्हणजे तीनशे सोळा घरं नव्हेत," मी म्हटलं.

"हिशेबनीस ती हिशेबनीसच," ती म्हणाली आणि हसली.

तिच्या यादीत गेलेल्या माणसाच्या नावापुढं काळी टिकली असायची, तोवर अशा अकरा झाल्या होत्या. त्यांचं रक्त पुन्हा मिळणार नव्हतं.

फाल्गुनात अष्टाह्निका आली. आम्हा जैनांत वर्षातून तीनदा ते आठ दिवस येतात. माझ्या सासूबाई त्या दिवसांत एक धान्य खायच्या. मला नोकरीमुळे तेवढं झेपत नाही. मी रोज जे पाळते ते पाळतेच. गाळलेलं पाणी, सूर्य मावळायच्या आत जेवण, दूध, तूप, मीठ, साखर यांतला दिवसाला एक रस सोडणं. अष्टाह्निकेत त्यावर एखादा वेगळा नियम घेते. त्या वर्षी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मूर्तीपुढं हात जोडून नियम घेतला, की आठही दिवस दुपारी बारापर्यंत मौन. तोंडातून शब्द काढायचा नाही. कामापुरतं चिठ्ठीवर लिहायची मुभा ठेवली होती.

केंद्रात सगळ्यांना ते ठाऊक झालं. आवटींना तर विषयच मिळाला. पहिल्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "साखर कमी हाय का जास्ती? बोलू नका, नुसतं तोंड वाकडं करा." मी हसले तर म्हणाले, "हसायला चालतंय होय? मग लई कडक न्हाई तुमचं."

सरनाईक सर नवे असले तरी वागायला सभ्य होते. मला बाराच्या आत फोन करायला लावायचे नाहीत. एप्रिलच्या मध्यावर संस्थेचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती, आणि ते त्या धावपळीत होते. इमारतीचा दर्शनी भाग त्यांना पाहवत नव्हता. पोपडे उडालेली भिंत, मोडक्या बाकड्यावर बसलेले हळदीचे व्यापारी. एकदा मला म्हणाले, "बाई, माणूस आत येतो तोच नापास करत येतो आपल्याला."

सहाव्या दिवशी अकरा वाजता वार्षिक बैठक होती. नऊला पोचल्यावर सरांनी मला आत बोलावलं आणि वर्षाचे आकडे मागितले. मी कागद पुढं ठेवला. ते पाच-सात मिनिटं बघत राहिले. मग मी बाहेर आले.

अकराला लांब टेबलाभोवती नऊ माणसं बसली. मी कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला. दर, दुरुस्त्या, नव्या यंत्राची मागणी असं एकेक झालं. मग शिलकीचा विषय निघाला. सरांनी दर्शनी दालनाचं चित्र सगळ्यांपुढं फिरवलं. काचेचं दार, बसायला सोफे, भिंतीवर यंत्रांची माहिती.

समितीत रसायनशास्त्राच्या वैद्य मॅडम होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या म्हणाल्या, "सरनाईक, ही रक्कम मेणसे कशासाठी तरी राखत होते ना? दर वर्षी आपण काहीतरी ठराव करायचो."

"'यंत्रसामग्रीसाठी' एवढंच लिहिलंय मॅडम. कुठलं यंत्र ते नाही. आणि या वर्षी अर्जच नाही."

"बाईंना माहीत असेल. काय हो, चौगुलेबाई?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खोलीत पंखा होता. त्याचा टकटक आवाज येत होता.

सरनाईक सर म्हणाले, "त्यांचं मौन आहे मॅडम. बारापर्यंत. कशाला त्रास द्यायचा."

"अरे हो," दुसरे कुणीतरी म्हणाले, "आमच्या घरी शिकवा हो बाई हे व्रत." सगळे हसले. मीही हसले. मान खाली घातली.

 वैद्य मॅडमनी चष्मा वर ढकलला आणि पुढचा कागद घेतला. दर्शनी दालन मंजूर झालं. ते वाक्य इतिवृत्तात मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

एक एप्रिलला माझ्या कराराचं पत्र आलं. चौदाला मूल्यांकनाची समिती आली, काचेच्या दारातून आत गेली, खूश होऊन गेली.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी वळीव झाला आणि वीज गेली. जनरेटर लागला. पण वीज गेल्यावर म्हातारी जी थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. शनिवार-रविवार सुट्टी होती. सोमवारी सकाळी मी कुलूप काढून आत आले, तर आवटी चार नंबरच्या दाराशी उभे होते. दाराच्या फटीतून पाणी आलं होतं, त्यात त्यांच्या चपला भिजल्या होत्या.  मी पहिल्यांदा त्यांना बिनबोलता पाहिलं.

मी आत गेले. खोलीत आवाज नव्हता. त्या खोलीत पाऊल टाकलं की कायम घरघर असायची, ती नसली की खोली मोठी वाटते हे मला तेव्हा कळलं. आवटींनी दार उघडलं होतं. दुसऱ्या कप्प्यातले डबे ओले होते. नळ्यांवरची नावं निलोफरनं शाईनं लिहिली होती, ती पसरली होती. मी एक नळी उचलली. ती हाताला कोमट लागली.

निलोफर दहाला आली. तिनं सगळे डबे टेबलावर मांडले आणि एकेक नळी उजेडात धरून बघितली. तीनशे सोळा. मी मोजत नव्हते, पण मला कळत होतं कुठवर आली ते. शेवटची नळी ठेवून तिनं हातमोजे काढले आणि मला विचारलं, "काकू, नवा फ्रीझर येणार होता ना? मेणसे सर म्हणाले होते मला."

मी काही बोलायच्या आत सरनाईक सर म्हणाले, "बैठकीत तो विषयच आला नाही. वैद्य मॅडमनी विचारलं होतं, पण बाईंचं मौन होतं तेव्हा." ते खरंच दुःखी होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझी चूक आहे. मी बारानंतर विचारायला हवं होतं."

निलोफर माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ती मला काहीतरी म्हणेल. तिनं माझा हात धरला. "जाऊ दे काकू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी रोजे धरते, मला कळतं. धरलेलं मोडता येत नाही."

त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना.

घरी कुणाला कळलं नाही, कारण रस सोडायची माझी सवय होतीच. एक सोडायचे तिथं तीन सोडू लागले. सासूबाई कौतुकानं शेजारणीला सांगायच्या. मी बस्तीत जायचे, प्रदक्षिणा घालायचे आणि प्रतिक्रमणाला बसले की अडायचे. दिवसभराचे दोष एकेक आठवून त्यांच्यासाठी क्षमा मागायची असते. मी सगळे आठवायचे. पाणी गाळताना हलगर्जीपणा झाला, मुंगी पायाखाली आली, सासूबाईंना तोडून बोलले. एका ठिकाणी मन वळसा घालून पुढं जायचं. वळसा घातला हे मला कळायचं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मेणसे सरांचा फोन आला. ते हुबळीला लेकीकडे राहायला गेले होते. आवाज खोल गेला होता, हृदयाचं काहीतरी निघालं होतं.

"बाई, फ्रीझरचं कळलं मला. आवटीनं सांगितलं."

"हो सर."

"अर्ज मांडला नव्हता का?"

"सर, त्या दिवशी माझं मौन होतं. अष्टाह्निका होती."

पलीकडून श्वासाचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हो का. माझंच चुकलं. पंचांग बघून बैठक ठरवा म्हणून सांगायला हवं होतं. नियम तो नियम. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

आणि ते माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायला लागले.

त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले.

आषाढातली अष्टाह्निका त्याच सुमारास सुरू झाली. मी बस्तीत गेले. नियम घ्यायला हात जोडले. पंडित शेजारी उभे होते, म्हणाले, "या वेळी काय ताई? परत मौन?" मी जोडलेले हात सोडले. माझ्यामागं दोन बायका खोळंबल्या होत्या. मी तशीच बाहेर पडले, पायऱ्यांवर चपला शोधल्या आणि घरी न जाता सरळ केंद्रात आले.

निलोफर तिच्या टेबलापाशी होती. तिनं रिकाम्या नळ्या धुऊन एका ट्रेमध्ये पालथ्या घातल्या होत्या. जुनी यादी पुढं होती.

"बसा काकू. अष्टाह्निका ना आजपासून? बाराच्या आत बोलायचं नसेल तुम्हाला."

"निलोफर, मार्चमध्ये त्या दिवशी माझं मौन नव्हतं."

तिला कळलं नाही. "घेतलं नव्हतं?"

"घेतलं होतं. नऊ वाजताच मोडलं होतं."

 मी उभीच होते. बसले असते तर पुन्हा वळसा घातला असता.

"सरनाईक सरांनी सकाळी आत बोलावलं. शिलकीवर बोट ठेवलं. म्हणाले, मेणसे सरांनी यासाठी लेखी काही ठेवलंय का? माझ्या कराराचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. सही व्हायची होती. त्यांनी मला कसली धमकी दिली नाही. पत्राकडे बघितलंही नाही. मीच बघितलं. निळी फाइल माझ्या ड्रॉवरमध्ये होती. लिहून सांगता आलं असतं. नुसती मान हलवता आली असती. मी तोंड उघडून म्हटलं, नाही सर."

"बोललात?"

"दोन शब्द. सर दचकले. म्हणाले, अहो, तुमचं मौन आहे ना, माझ्यामुळं मोडलं. मी बाहेर आले. मग अकरा वाजता वैद्य मॅडमनी विचारलं आणि सरांनीच सांगितलं मौन आहे म्हणून. त्यांना वाटलं असेल मी परत धरलं. मला तेव्हा बोलता आलं असतं निलोफर. माझ्याकडे काहीच मोडायचं उरलं नव्हतं. पण बोलले असते तर सकाळचं खोटं उघडं पडलं असतं. ते मौन माझ्या पथ्यावर पडलं."

निलोफरनं एक पालथी नळी सरळ केली आणि पुन्हा पालथी ठेवली.

"मेणसे सरांना सांगितलं होतंत?"

"त्यांनी विचारलं होतं. त्यांनाही मौन म्हणूनच सांगितलं. ते मरताना तेच घेऊन गेले."

बाहेर आवटी कुणाशी तरी पावतीवरून हुज्जत घालत होते. "अवो, रस इतका पातळ आणताय, त्यात बघायचं काय, पाणी?" समोरचा माणूस हसत होता.

"मी तुझी माफी..."

"नको काकू." ती ओरडली नाही. तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "माफी मागू नका. माझ्याकडे नाहीये. असती तर दिली असती, पण नाहीये." तिनं यादी माझ्याकडे फिरवली. काळ्या टिकल्या चौदा झाल्या होत्या. "ह्यातल्या एकाही माणसाला मी अजून सांगितलेलं नाही. दोन महिने झाले. रोज ठरवते आणि जात नाही. घरी येऊन सांगेन म्हणाले होते मी. काय सांगू? वीज गेली म्हणून सांगू? गंगव्वा विचारेल, सगळ्या गावाची वीज रोज जाते, मग तुमच्याकडे कशी काय नळी तापली."

मी टिकल्या पुन्हा मोजल्या.

"गुरुवारी मी जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही यायचं. का झालं ते तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

"येते."

"पहिल्या घरी सांगाल आणि बाकीच्या घरी माझ्यावर टाकाल. तसं नाही."

"नाही टाकणार. प्रत्येक घरी मी बोलेन."

"शब्द देताय?"

या प्रश्नाचा तिला हक्क होता. मी म्हटलं, "देते."

बुधवारी मी सरनाईक सरांच्या टेबलावर निळी फाइल ठेवली आणि तिच्यावर एका पानात सगळं लिहून ठेवलं, तारीख-वेळेसकट. त्यांनी ते माझ्यासमोर वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटून पाहिलं, मागं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मी विचारलं तेव्हा मला हवं तेच उत्तर आलं, बाई. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही." माझा करार पुढच्या मार्चअखेर संपला आणि नवं पत्र आलं नाही. ते योग्यच होतं.

गुरुवारी सकाळी बस्तीत दर्शन घेऊन मी एसटी स्टँडवर गेले. निलोफर आधीच आली होती. तीन तास आम्ही शेजारी बसलो, आणि ती माझ्याशी दोनदाच बोलली. एकदा तिकिटाचे सुटे पैसे विचारायला, आणि एकदा खिडकी लावू का म्हणून. फाट्यावर उतरलो. पुढं नरळवाडीला गाडी जात नव्हती. मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना उगवून करपलेली बाजरी. पाऊस त्या बाजूला पोचलाच नव्हता.

वस्ती दिसायला लागली तशी निलोफर एका मोरीच्या कठड्यावर बसली. पिशवीतून यादी काढून तिनं माझ्या हातात दिली.

"ते पत्र्याचं घर, दारात शेळी बांधलेली. गंगव्वाचं."

"तू?"

"मी मागून येते. मी बरोबर असले की त्या मला आत घेतील, पाणी देतील, चहा टाकतील. पोरगी आली म्हणून शेजारच्यांना हाका मारतील. मग तुमचं राहून जाईल." ती पायातला खडा काढायला वाकली आणि वर न बघता म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं बोला."

आयुष्यात मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. घरात नाही, केंद्रात नाही.

यादी घडी करून मी कमरेला खोचली. दारातली ती वाकलेली म्हातारी शेळीपुढं पाला टाकत होती. कोण येतंय ते बघायला तिनं कपाळावर हात धरला. मी मुरमाचा रस्ता सोडला आणि तिच्या घराच्या पायवाटेला लागले.